विक्रम गोखले : मौनाचा नट



शाळेंत कविता म्हणतांना मुलें कोठें थांबतच नाहींत. थांबणें हेंहि बोलणेंच आहे, हें पटविण्यास नट विक्रम गोखले यांच्यासारखें उदाहरण नाहीं.

त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत व आजी कमलाबाई गोखले यांनीं १९१३ सालीं फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटांत भूमिका केल्या. बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ सालीं, ‘अनुमती’ चित्रपटांतील मरणोन्मुख पत्नीसाठीं झुरणाऱ्या पतीच्या भूमिकेबद्दल विक्रमरावांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तो इरफान खान यांच्यासह विभागून होता.

त्यांचें ‘बॅरिस्टर’ नाटक गाजलें. आमच्या वाशिमसारख्या गांवीं मात्र ते घरोघर पोहोंचले ते ‘अग्निहोत्र’सारख्या दूरचित्रवाणी-मालिकांतून. वाक्य अर्ध्यावर सोडून ते नुसते पाहत. उरलेला अर्थ प्रेक्षक पुरा करी.

२०१६ सालीं घशाच्या विकारामुळें त्यांना रंगभूमि सोडावी लागली. नटाला याहून क्रूर घाव कोणता ? रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो. कॅमेऱ्याला कुजबुजहि पुरते. म्हणून चित्रपटांतून ते काम करीत राहिले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्यांत ते निवर्तले.

त्यांचे चित्रपट पाहतांना शब्दांइतकेंच त्यांमधील मौनहि ऐकावें, एवढीच विनंति.