जागा आहे, पण फाईल बसत नाही



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पोरांचं काम, आम्हाला काय त्याचं. पण मोबाईल आता आपल्या हातात आहे, बचत गटाचे फोटो आपणच काढतो, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ आपल्याच कपाटात ठेवलेला असतो. ज्या वस्तूत आपल्या घरच्या आठवणी ठेवायच्या, ती कशी चालते हे आपल्याला माहीत हवं. डब्यात किती पीठ मावतं हे जसं आपल्याला माहीत असतं, तसंच.

सास्तूरमध्ये माझं छोटं कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, फोटो, पेन ड्राईव्हमध्ये व्हिडिओ भरून देणं, अशी कामं असतात. तिथं एक तक्रार मी वरचेवर ऐकते. पेन ड्राईव्ह ३२ जीबीचा, नवा कोरा, आत काहीच नाही. व्हिडिओ ६ जीबीचा. तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाईल फार मोठी आहे, बसणार नाही. मग येणारी ताई विचारते, "अहो, एवढी जागा रिकामी दिसतीय, मग बसत कशी नाही? ड्राईव्ह डुप्लिकेट दिला का दुकानदारानं?"

ड्राईव्ह डुप्लिकेट नसतो. गोष्ट वेगळीच असते, ती आज समजून घेऊ.

बचत गटाची वही डोळ्यांसमोर आणा. समजा छापणाऱ्यानं रकमेच्या रकान्यात चारच चौकोन छापले. एका चौकोनात एक आकडा. मग त्या वहीत जास्तीत जास्त किती रक्कम लिहिता येईल? ९,९९९. आता एखादीनं १२,००० रुपये कर्ज घेतलं. गटाच्या पेटीत पैसे आहेत, वहीची पानंही कोरी आहेत, पण रकान्यात पाच आकडे मावत नाहीत. अडचण पेटीची नाही, रकान्याची आहे.

पेन ड्राईव्हमध्येही अशीच एक वही असते. कोणती फाईल कुठं ठेवली, किती मोठी आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. वही लिहायच्या या पद्धतीला फाईल सिस्टिम म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान पेन ड्राईव्हमध्ये जी पद्धत येते तिचं नाव फॅट थर्टी-टू. फॅटची मूळ पद्धत १९७७ सालची, फ्लॉपीच्या काळातली. तिचाच हा वाढवलेला अवतार १९९६ मध्ये आला. त्यात फाईलचा आकार लिहायला ३२ चौकोन दिलेत. कॉम्प्युटरला दोनच आकडे कळतात, शून्य आणि एक. म्हणून एका चौकोनात दोन शक्यता, दोन चौकोनांत चार, तीन चौकोनांत आठ. असं बत्तीस वेळा दुप्पट करत गेलं की सगळ्यात मोठी लिहिता येणारी संख्या येते ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाईट कमी. त्याहून मोठी एकच फाईल त्या वहीत लिहिताच येत नाही. ड्राईव्ह ३२ जीबीचा असो की ६४ चा, रकाना तेवढाच.

१९९६ मध्ये अख्ख्या कॉम्प्युटरची डिस्कच एक-दोन जीबीची असायची. एक फाईल चार जीबीची होईल असं कुणाला वाटणार? आज आपल्या मोबाईलवर फुल एचडीत सलग चित्रण केलं, तर साधारण अर्ध्या-पाऊण तासात फाईल चार जीबीला पोचते. फोनप्रमाणे थोडं कमीजास्त होईल.

आता मी हा विषय आज का घेतला ते सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. सास्तूरला, किल्लारीला त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, तेच अंगावर आलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. त्या वेळी चाळिशीत असलेली बाई आता सत्तरी ओलांडून गेली. जुनं गाव कसं होतं, कुणाचा वाडा कुठं होता, आड कुठं होता, ढिगाऱ्यातून कुणी कुणाला काढलं, नव्या घरात पहिली चूल कशी पेटवली, हे तिच्या तोंडून ऐकायचं तर ते आत्ताच. सरकारी कागदात घरांचा आकडा सापडेल, आजीचा आवाज नाही सापडायचा.

म्हणून नाती-सुनांना माझं सांगणं असतं, आजीला बोलतं करा आणि मोबाईलवर भरून ठेवा. आजी एकदा बोलायला लागली की दीड तास सहज बोलते. तिला मध्ये थांबवावंसं वाटत नाही. मग ती फाईल होते दहा-बारा जीबीची, आणि पेन ड्राईव्हमध्ये जात नाही. तिथं कंटाळून, 'राहू दे मोबाईलमध्येच' म्हटलं, की पुढं मोबाईल पडतो, बिघडतो, जागा भरली म्हणून लेकरू काहीतरी पुसून टाकतं. आजीचं बोलणं गेलं.

तर यावर उपाय काय? तीन आहेत.

पहिला, पेन ड्राईव्हची वहीच बदलायची. एक्सफॅट नावाची पद्धत २००६ मध्ये आली. तिच्यात आकाराचा रकाना इतका मोठा आहे की आपल्या हयातीत तो भरायचा नाही. पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरला लावा, त्याच्या चित्रावर उजवी कळ दाबा, फॉरमॅट निवडा, यादीतून एक्सफॅट घ्या. पण नीट ऐका, फॉरमॅट म्हणजे जुनी वही फाडून नवी घालणं. आत जे असेल ते जातं. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, उतरलेलं उघडून बघा, मगच हात लावा. मोबाईलमध्ये घालायचं कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं असेल तर ते बहुतेक एक्सफॅटचंच येतं.

दुसरा उपाय, मोठ्या फाईलचे तुकडे करायचे. पोतं उचलत नसेल तर आपण दोन घमेली करतो, तसं. सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे करतं. पण तुकडे परत जोडल्याशिवाय व्हिडिओ दिसत नाही, आणि एक तुकडा हरवला की सगळंच अडतं.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. चित्रण करतानाच वीस-वीस मिनिटांनी थांबायचं. आजीला पाणी द्यायचं, तिचे डोळे पुसायचे, मग पुढचा भाग सुरू करायचा. फाईल लहान राहते, आणि आजीलाही दम घेता येतो.

एक लक्षात असू द्या. भजनाचा स्पीकर, जुना टीव्ही, गाडीतला टेप, यांना पुष्कळदा फॅट थर्टी-टूच वाचता येतं. म्हणून गाण्या-भजनाचा पेन ड्राईव्ह तसाच ठेवा. व्हिडिओसाठी वेगळा करा आणि त्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

आता दुसरा भाग. काही घरांत, शाळांत जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून घेतात. ते फुकट असतं आणि जुन्या यंत्रावरही बरं चालतं. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनं 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलंय, त्यात मराठीही आहे. कधी कधी एकाच कॉम्प्युटरवर विंडोजही ठेवतात आणि लिनक्सही. म्हणजे एका घरात दोन जावा नांदल्यासारखं. डिस्कचे भाग पाडतात, त्याला पार्टिशन म्हणतात. विंडोजच्या खोलीतली वही एनटीएफएस पद्धतीची, लिनक्सच्या खोलीतली बहुधा ईएक्सटी-फोर.

या दोन जावांचा स्वभाव वेगळा. लिनक्सवाली धाकटी दोन्ही वह्या वाचते. विंडोजवाल्या थोरलीला धाकटीची वही वाचता येत नाही. म्हणून दोघींच्या मधे एक सामाईक कोठी ठेवायची, तिसरं पार्टिशन, एनटीएफएस किंवा एक्सफॅटचं. फोटो, व्हिडिओ, गटाचे हिशेब त्या कोठीत. मग कुणीही चूल पेटवली तरी सामान दोघींच्या हाताला लागतं.

इथं दोन धोके आहेत, ते तेवढे नीट ऐका.

पहिला धोका. विंडोज बंद केलं तरी ते पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही. सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून अर्धवट झोपतं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. म्हणजे थोरली हिशेबाची वही अर्धी लिहून, बाकीचं डोक्यात ठेवून झोपली. तेवढ्यात धाकटीनं त्याच वहीत लिहिलं, तर सकाळी हिशेब बिघडणारच. शहाणं लिनक्स अशा वेळी नुसतं वाचू देतं, लिहू देत नाही. म्हणून दोन्ही ठेवायचं असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून घ्या.

दुसरा धोका याहून मोठा. लिनक्सवर भरलेली डिस्क विंडोजला लावली की समोर सूचना येते, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? वाचणाऱ्याला वाटतं डिस्क खराब झाली, आणि तो 'हो' दाबतो. मैत्रिणींनो, डिस्क खराब नसते. थोरलीला धाकटीचं अक्षर लागत नाही, एवढंच. तिला न कळलेली वही ती कोरी करायला निघालेली असते. तिथं कधीही 'हो' म्हणायचं नाही. रद्द करायचं, डिस्क काढून घ्यायची, ज्याच्याकडे लिनक्स आहे त्याच्याकडे लावून बघायची. आणि चुकून 'हो' दाबलंच गेलं, तर त्या डिस्कवर नवीन काहीही भरू नका. तशीच जाणत्या माणसाकडे न्या. नवीन लिहिलं नसेल तर जुनं बरंचसं परत मिळायची आशा असते.

आणि पेन ड्राईव्ह काढताना उपटून काढू नका. फॅट थर्टी-टू आणि एक्सफॅट दोन्ही या बाबतीत नाजूक. आधी इजेक्ट म्हणायचं, मग काढायचं.

शेवटची गोष्ट आपल्या गावाला वेगळी सांगायला नको. १९९३ मध्ये कितीतरी घरांतले फोटो, सातबारे, लग्नपत्रिका एकाच ट्रंकेत होत्या आणि ती ट्रंक एकाच माळवदाखाली गेली. म्हणून आजीच्या व्हिडिओच्या दोन प्रती करा. एक आपल्या घरी, दुसरी लेकीच्या सासरी किंवा पुण्याच्या भावाकडे. एकाच कपाटात ठेवलेले दोन पेन ड्राईव्ह म्हणजे दोन प्रती नव्हेत. वर्षातून एकदा, तीस सप्टेंबरलाच म्हणा, दोन्ही लावून बघा, चालतात का.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. हाताशी असलेला पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरला लावा, उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा, फाईल सिस्टिमपुढं काय लिहिलंय ते वाचा. मग आजीजवळ बसा. कुणाच्या काही अडचणी असतील तर आपल्या केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.