चौकोन जोडताना

(मंडळाच्या महिला शाखेच्या श्रावण मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात आपल्या महिला शाखेने इंदूरमधल्या एका वृद्धाश्रमासाठी क्रोशाची १२ पांघरुणे विणली. ४१ जणींनी मिळून ४३२ चौकोन केले. काही इथल्या, काही देवास-उज्जैनच्या, तर काही आपल्याच लेकी-सुना, ज्या आता पुण्या-बंगळूरला असतात. यंदा अनंत चतुर्दशीनंतर हाच उपक्रम पुन्हा सुरू करायचा आहे. नव्या मैत्रिणींना काम कसे चालते ते कळावे, म्हणून जोडणीची बाजू सांभाळणाऱ्या आम्ही पाचजणी आज आपल्यापुढे उभ्या आहोत. बोलणारी एक असली, तरी सांगणे पाचजणींचे आहे.

क्रोशा आपल्या घरांना नवा नाही. रुखवतातले रुमाल, ताटावरची जाळीची झाकणे, दारावरचे तोरण, देव्हाऱ्यातले आसन हे सगळे आपल्या आज्या-आयांनी विणले. पण ते एकटीचे काम होते. सुरुवात तिची, शेवट तिचा, कौतुकही तिचे. अनेकींनी मिळून एकच वस्तू करायची म्हटली की गणित बदलते.

असे काम केवढे मोठे होऊ शकते, याची दोन उदाहरणे सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये नेल्सन मंडेला गेले. त्यांच्या सचिव राहिलेल्या झेल्डा ला ग्रँज यांनी कॅरोलिन स्टाइन या मैत्रिणीला गळ घातली, की मंडेलांच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे १८ जुलैपर्यंत, ६७ पांघरुणे करून दे. मंडेलांनी सार्वजनिक कार्याला दिलेल्या ६७ वर्षांची ती आठवण. जुलै म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला हिवाळा, त्यामुळे पांघरुणाला अर्थही होता. एकटीने ते होणार नाही हे दिसताच स्टाइन यांनी इतरांना हाक दिली आणि त्यातून देशभर विणणाऱ्यांची चळवळ उभी राहिली. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. चेन्नईच्या सुबश्री नटराजन यांनी उभ्या केलेल्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे एका मैदानावर एकत्र आले.

आपल्याला विक्रम करायचा नाही. पण या दोन्ही कामांत जे करावे लागले, तेच आपल्या १२ पांघरुणांनाही लागले. ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, सुई हातात घेण्याआधी विचारायला जायचे. आपल्यापैकी दोघी वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या व्यवस्थापकांशी आणि मुख्य म्हणजे तिथल्या आजी-आजोबांशी बोलल्या. रजया आणि घोंगड्या थंडीत पुष्कळ येतात, असे कळले. हवे होते ते वेगळेच. सकाळी व्हरांड्यात उन्हाला बसताना गुडघ्यांवर घ्यायला काहीतरी. जड नको. चाकाच्या खुर्चीत अडकेल इतके लांब नको. मशीनमध्ये धुता आले पाहिजे. एक आजी म्हणाल्या, "जाळीचे नका करू गं, बोटे अडकतात." आणखी एक मागणी आली. सगळी एकसारखी करू नका. तिथे चादरी एकसारख्या, उशा एकसारख्या, त्यामुळे माझे कोणते हेच कळत नाही.

सगळा नमुना या बोलण्यातून ठरला. तीन-तीन खांबांचा जाळीचा चौकोन दिसायला सुरेख आणि विणायला भरभर होतो, पण तो बाजूला ठेवला आणि भरीव चौकोन घेतला. माप ३६ इंच बाय ३६ इंच. ६ इंचांचे ३६ चौकोन, सहाच्या सहा ओळी. लोकर ऍक्रिलिकचीच, कारण खरी लोकर मशीनच्या धुण्यात आटते आणि शेजारचा ऍक्रिलिकचा चौकोन तसाच राहतो, म्हणजे पहिल्याच धुण्याला पांघरूण वेडेवाकडे. आणि प्रत्येक पांघरुणाची किनार वेगळ्या रंगाची.

दुसरी गोष्ट मापाची. सगळ्यांनी ४ नंबरची सुई घेतली, एकच लोकर घेतली आणि तेवढेच फेरे घातले, तरी चौकोन सारखे येत नाहीत. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. हा हाताचा स्वभाव आहे, त्यात चूक-बरोबर काही नाही. म्हणून प्रत्येकीला पुठ्ठ्याचा ६ इंचांचा चौकोन कापून दिला आणि सांगितले, फेरे मोजू नका, पुठ्ठ्यावर ठेवून बघा. घट्ट हाताच्या मैत्रिणींनी अर्ध्या नंबराने मोठी सुई घ्यावी, सैल हाताच्यांनी लहान. बाकी आतले रंग, आतले फूल ज्याचे त्याचे. बाहेरची कड मात्र सगळ्यांची एका रंगाची, म्हणजे जोडणी एकसंध दिसते. कडेची लोकर मंडळाने एकदम घेतली, तीही एकाच लॉट नंबरची. लॉट बदलला की तोच रंग जरासा वेगळा येतो, आणि तो फरक दुकानातल्या दिव्यात दिसत नाही, उन्हात दिसतो.

इतके करूनही काही चौकोन पाव-अर्धा इंच कमी येतातच. त्यांचे काय करायचे, हे आधीच ठरवले होते. चौकोन परत पाठवायचा नाही. कमी पडला तर जोडणाऱ्या मंडळींनी कडेला खांबांऐवजी उंच दुहेरी खांबांचा फेरा घालून तो मापात आणायचा. आणि जिने विणला तिला विचारल्याशिवाय कोणाचाही चौकोन उसवायचा नाही. हा नियम साधा वाटतो, पण त्याला कारण आहे. आपल्या ४१ जणींत नऊजणी पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना मंडळाचे जिने चढवत नाहीत. गणपतीची आरती त्या घरूनच म्हणतात. वर्षभरात मंडळाच्या कोणत्याही कामात त्यांचा हात लागत नाही, कारण बाकीची सगळी कामे उभ्याने करायची असतात. हे काम त्यांना बसल्या जागी करता आले. मोतीबिंदूच्या डोळ्याने आणि कापऱ्या बोटाने विणलेला चौकोन "माप चुकले" असे म्हणत परत गेला असता, तर दुसरा आला नसता.

तिसरी गोष्ट म्हणजे जोडणी. हीच आज मुद्दाम सांगायची आहे.

आपण कामाच्या तासांची वही ठेवली होती. एका सरावाच्या हाताला एक चौकोन सरासरी ४० मिनिटांचा. ४३२ चौकोनांना सुमारे २९० तास लागले. चौकोन आल्यानंतर टोके दडवणे, मापात आणणे, रंगांची मांडणी, जोडणी, किनार आणि एकदा धुऊन पाहणे, याला पांघरुणामागे अकरा तास, म्हणजे एकूण सुमारे १३० तास लागले. जवळजवळ एकतृतीयांश काम चौकोन संपल्यावर सुरू होते. अनेक ठिकाणी असे उपक्रम उत्साहाने सुरू होतात आणि चौकोनांची पिशवी माळ्यावर जाऊन बसते, त्याचे कारण हेच. विणणाऱ्यांची यादी असते, जोडणाऱ्यांची नसते.

म्हणून यंदाही पहिला चौकोन सुरू होण्याआधी जोडणाऱ्यांची नावे ठरतील. एका पांघरुणाची जोडणी एकाच हाताने व्हावी, दोन हातांचा ताण वेगळा असतो आणि पांघरूण ओढल्यासारखे दिसते. आधी सगळ्या आडव्या ओळी जोडायच्या, मग उभ्या. जोडणी मुक्या खांबाने, उलट्या बाजूने. विणणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. शेवटी ६ इंच धागा सोडा आणि गाठ मारून कापू नका. गाठ धुण्यात सुटते. सोडलेला धागा सुईने तीन दिशांनी आत घेतला तर तो सुटत नाही. ४३२ चौकोनांची टोके काय असतात, हे ज्यांनी दडवली त्यांनाच ठाऊक.

तासांची वही कशासाठी, असे काहींनी विचारले. सेवेच्या कामात कसले तास मोजायचे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आंध्रातल्या नरसापूरच्या गोष्टीत सापडते. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या या गावाच्या परिसरात क्रोशाची लेस विणण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि ती लेस परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे, की बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, आणि विणणे हा त्यांचा फावला वेळ. काम फावल्या वेळाचे ठरले की मोबदलाही तसाच ठरतो.

आपल्याला मोबदला नको आहे. पण आपल्या घरांतही हा शब्द आहेच. "आई काय, फावल्या वेळात विणत असते." तो वेळ फावलेला नसतो, दुपारची झोप, टीव्हीची मालिका किंवा दुखऱ्या मानेचा आराम बाजूला ठेवून काढलेला असतो. वहीत ४२० तास लिहिलेले पाहिल्यावर मंडळाच्या हिशेबाच्या सभेत पुरुषमंडळींनीही ती वही हातात घेऊन पाहिली. यंदाच्या अहवालात देणग्यांच्या यादीशेजारी ही यादी छापली जाणार आहे. तीत चौकोन विणणारीचे नाव असेल, तसेच कुरिअर आणणारीचे, टोके दडवणारीचे आणि धुऊन वाळत घालणारीचेही.

पांघरुणे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. भाषणे केली नाहीत, फोटोसाठी कोणाला उभे केले नाही. पांघरुणे टेबलावर पसरून ठेवली आणि ज्यांना जे आवडेल ते त्यांनी उचलले. निवडायला वेळ लागला, चांगला तासभर. हिरव्या किनारीवर दोघींचा जीव जडला आणि तह व्हायला चहा लागला. मग एक आजी पांघरूण उलटे करून जोडणी पाहू लागल्या, बोट फिरवत म्हणाल्या, "हा मुका खांब आहे ना? आम्ही सुईने शिवायचो." त्यांच्या हाताला क्रोशाचे वळण होते आणि कित्येक वर्षांत त्यांना सुई कोणी दिली नव्हती. तिथे अशा चौघीजणी निघाल्या.

यंदाच्या कामात म्हणूनच एक बदल आहे. आपण १५ पांघरुणे करणार आहोत, म्हणजे ५४० चौकोन. त्यांतले काही वृद्धाश्रमातल्या या चौघी विणणार आहेत. सुया, लोकर आणि पुठ्ठा त्यांच्याकडे नवरात्राआधी पोचवायचे आहेत. चौकोन दिवाळीपूर्वी जमा व्हावेत. दिवाळीत फराळाच्या गडबडीत कोणी विणत नाही, हे आपण सगळ्याच जाणतो. नोव्हेंबर पूर्ण जोडणीचा. मालव्यातली थंडी डिसेंबरात जोर धरते, तोवर पांघरुणे गुडघ्यांवर असली पाहिजेत.

विणणाऱ्यांची नावे आजच पुष्कळ येतील, याची खात्री आहे. जोडणीसाठी आम्हाला आणखी तीन हात हवे आहेत. नजर बरी आणि बैठक पक्की असावी, एवढीच अट. चौकोनावर आपली कला दिसते, जोडणीत ती दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वही दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहावे, ही विनंती.