कलेचा खर्च कोणी सोसावा?



अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल (१९२२–२०१७) यांचा परिचय आम्ही आज करून देऊ इच्छितो. प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९६६ साली विल्यम बोवेन यांच्या सहकार्याने त्यांनी नाटक, संगीत व नृत्य यांच्या अर्थव्यवहारावर ग्रंथ लिहिला आणि एका नव्या शास्त्रास चालना दिली.

त्यांचे म्हणणे सोपे आहे. यंत्रामुळे कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माल काढतो व त्याचे वेतन वाढते. परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे व जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. आम्हां शिक्षकांच्या वर्गाचेही तसेच. तथापि वेतन मात्र इतरांबरोबर वाढवावेच लागते. म्हणून कलासंस्थांस तूट येते. ती नेहमी उधळपट्टीमुळेच येते असे नव्हे.

गायन शिकू इच्छिणाऱ्या मुलास आपण विचारतो, “पोट कसे भरशील?” प्रश्न खोटा नाही, पण त्याचे उत्तर एकट्या मुलाने नव्हे, समाजानेही द्यावयाचे आहे. आपल्या शिष्यवृत्ती-निधीतील काही वाटा कलाशिक्षणासाठी राखावा, ही आमची नम्र विनंती.