नेपल्सकराची वसई

(वसईतील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘भूमध्य समुद्राकाठच्या शहरात एक फेरफटका’ असा छापलाय. त्याला कारण मीच. गेल्या वर्षी आम्ही नवराबायको सहल कंपनीबरोबर नेपल्सला जाऊन आलो आणि परतल्यावर ती गोष्ट मी कमिटीतल्या एका मित्राला नको तितक्या उत्साहाने सांगितली. खरं म्हणजे नेपल्स आम्ही अडीच तास पाहिलं. पुढे छत्री उंच धरलेली गाइड, मागे आम्ही चाळीस जण. स्पाक्कानापोली नावाची लांबच लांब अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंच्या सज्जांतून दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे, आणि लांबवर व्हेसुव्हिअस ज्वालामुखी. कपडे पाहून बायको म्हणाली, “हे बघायला एवढे पैसे भरले होय? आपल्या कोळीवाड्यात फुकट दिसतं.”

तेव्हा अडीच तासांच्या भांडवलावर तासभर बोलणं म्हणजे तुमची फसवणूक. म्हणून मी विषय उलटा फिरवतो. आपण नेपल्स पाहायला जातो. एक नेपल्सकर आपली वसई पाहायला आला होता, त्याच्याबरोबर हिंडू.

त्याचं नाव जोवान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली करेरी. पेशाने वकील. खानदानी घराण्यातला नव्हता म्हणून हुशारी असूनही नेपल्सच्या सरकारदरबारी त्याची डाळ शिजली नाही. वैतागून त्याने १६९३ मध्ये घर सोडलं आणि पाच वर्षांत जगाला वळसा घालून परत आला. ना तो व्यापारी, ना पाद्री, ना सैनिक. मिळेल त्या जहाजात जागा घ्यायची, मिळेल त्या पालखीत बसायचं आणि दिसेल ते लिहून ठेवायचं. आजच्या भाषेत आपण त्याला पर्यटक म्हणू. १६९५ च्या सुरुवातीला दमणहून तो वसईला आला.

आता तुम्ही म्हणाल, वसईत पाहण्यासारखं काय, तर किल्ला. इथेच माझं भांडण आहे. ‘किल्ला’ हा शब्द आपल्या डोळ्यांवर झापड बांधतो. किल्ला म्हटलं की आपल्याला फक्त लढाई दिसते: १७३९ चा मे महिना, चिमाजीअप्पा, सेबास्तियन बुरुजाखालचे सुरुंग. ते सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. शाळेत मीही ते छाती फुगवून लिहिलंय. पण लढाई झाली ती काही महिने. त्याआधी दोनशे वर्षं या तटाच्या आत लोक राहत होते, भांडत होते, बारसं करत होते, उधार घेत होते. पोर्तुगीज कागदांत याला ‘वसई शहर’ म्हटलंय. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, त्यांच्या गव्हर्नर नुनो द कुन्याने बांधकाम काढलं, आणि पुढे दमणपासून चौलपर्यंतचा ‘उत्तरेचा प्रांत’ इथून चालला. मुंबई त्या काळी वसईच्या हाताखालचं एक बेट होतं. हे वाक्य मी लोकलमध्ये विरारकरांना चढू न देणाऱ्यांना ऐकवतो. त्याचा उपयोग होत नाही.

पोर्तुगाल भूमध्य समुद्रावर नाही, अटलांटिकवर आहे, हे माहीत असलेला एक तरी भूगोलाचा शिक्षक इथे बसलेला असणारच. मान्य. पण घर बांधायची रीत त्या सगळ्या दक्षिण युरोपची सारखीच: जाड भिंतीवर चुन्याचा गिलावा, मधे मोकळा चौक, चौकाभोवती कमानींची ओवरी, आणि सावलीसाठी केलेली हजार सोंगं. आपल्या वाड्याशी त्याची सोयरीक लगेच जुळते.

चला तर. झेंडा बाजार, पारनाका मागे टाकला की तट लागतो. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरा. दरवाजाला कुलूप, कुलपाला चावी. ही ‘चावी’ इथेच खिशात टाका, कारण शब्द पोर्तुगीज आहे. मी अनेक वर्षं या अवशेषांत हिंडतो आणि मला असं वाटतं, की इथलं सामान सगळं लुटलं गेलं, छपरं कोसळली, घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. पण शब्द कोणाला लुटता आले नाहीत, कारण ते आधीच बाहेर, आपल्या घरात येऊन राहिले होते.

करेरीला इथे रुंद, सरळ रस्ते दिसले आणि देखण्या इमारतींनी वेढलेला बाजारचौक दिसला. त्याच्या वीस वर्षं आधी आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने फिदाल्गोंची, म्हणजे उमराव मंडळींची, झाकलेल्या सज्जांची घरं पाहिली. खिडक्यांना काच नव्हती, शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या होत्या. दुपारचं ऊन त्या शिंपल्यांतून गाळून आत येताना कसं दिसत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. गोव्यात जुन्या घरांत अशा खिडक्या अजून आहेत, तिथे पाहून घ्या. आपल्या चौकाच्या जागी आता झाडी आहे, आणि झाडीत लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. त्यांच्यावर मी रागवत नाही. कोल्डप्ले बँडवाल्यांनी येऊन गाण्याचं चित्रण केलं, मग आपल्या पोरांनी काय पाप केलंय?

या चौकात माल विकायला पुकारा होई. ‘लिलाव’ तिथला. बांधकामावरचा ‘मेस्त्री’ तिथला आणि त्याच्या हाताखालच्या बाईच्या डोक्यावरचं ‘घमेलं’ही तिथलंच. तिला महिन्याला मिळतो, किंवा मिळत नाही, तो ‘पगार’सुद्धा. दगडाबद्दल एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने सांगायला हवी. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीचा काळा कोरीव दगड पाहून आपण तोंडात बोट घालतो ना? तो दगड वसईहून गेलेला.

पुढे बालेकिल्ला. दरवाजावर पोर्तुगालच्या राजाची ढाल आणि कड्याकड्यांचा खगोल कोरलाय. आत कप्तानाची कचेरी, कोठडी. आता ‘तुरुंग’ कुठून आला ते सांगायला नको. तिकडे ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचा बुंधा, लाकडाचा ओंडका. कैद्याचे पाय अडकवायचा खोडा. ओंडक्याचा शब्द आपण अख्ख्या इमारतीला दिला.

चर्चच्या अवशेषांपाशी मी नेहमी जास्त रेंगाळतो, तेव्हा आजही तुम्हाला थांबवणार. सेंट अँथनीचं चर्च फ्रान्सिस्कन पंथाच्या संन्याशांचं. वर आभाळ, खाली फरसबंदी, आणि ती फरसबंदी म्हणजे थडगी. प्रत्येक फरशीवर नाव, हुद्दा, साल. अक्षरं झिजलीत, काही ठिकाणी बकऱ्या बसलेल्या असतात. तिथे पुरलेल्यांतल्या कित्येकांनी वारसांचीही थडग्यात सोय करून ठेवली होती. केवढा विश्वास, की आपले नातूपणतू इथेच जगतील आणि इथेच मरतील! करेरी आला तेव्हाच शहराचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा साथीच्या रोगाने ओस पडला होता. म्हणजे मराठे यायच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. आपल्याला वाटतं शहर एका दिवसात पडलं. ते आतून आधीच रिकामं व्हायला लागलं होतं.

जेझुइटांच्या चर्चशी गोन्सालो गार्सियाचं नाव जोडलेलं आहे. हा वसईचा मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत ठरला, भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या सणाला हे ओसाड आवार माणसांनी फुलतं. वर्षातला तेवढा एक दिवस मला ते शहर शहरासारखं वाटतं.

आणि सेंट जोसेफ. याची दर्शनी भिंत आणि मनोरा उभा आहे. १६०१ साली चर्चची डागडुजी झाल्याचा लेख दगडात आहे. मनोऱ्याच्या चक्री जिन्याने एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. वरून कोणी उतरत असेल तर तुम्ही अंग चोरून ओणवे व्हायचं. वर पोचलात की एका बाजूला किल्लाबंदरच्या होड्या, समोर खाडी, पलीकडे भाईंदर, आणि खाडीवर रेल्वेचा पूल. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या लाखो माणसांना हा मनोरा दिसत असेल का, ठाऊक नाही. दिसला तरी हात सोडून पाहायची सोय कुठे आहे?

करेरीला इथे एक गमतीचा प्रस्ताव आला. वसईत कायदा शिकलेल्या माणसांची वानवा होती. तुम्ही वकील आहात, इथेच राहा, मठांची कामं मिळतील, भरपूर हुंडा देणारी मुलगीही आहे, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने नको म्हटलं. उष्ण देशात राहायची त्याची तयारी नव्हती. नेपल्सच्या माणसाने उकाड्याचं कारण द्यावं! आम्ही जूनमध्ये गेलो होतो, मला माहीत आहे. बायकोचं मत असं, की त्याला मुलगी दाखवली असती तर राहिलाही असता.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. फ्रायर एक ओळ लिहून जातो: रात्री या तटाच्या आत ख्रिस्ती माणसांखेरीज कोणाला मुक्काम करता येत नसे. वाणी-उदम्यांनी दिवसा धंदा करावा, कारागिरांनी घाम गाळावा, आणि दिवेलागणीला दरवाजाबाहेर पडावं. म्हणजे ते सुंदर रस्ते, तो चौक, ती शिंपल्यांची तावदानं, हे सगळं ज्यांच्या हातांनी उभं राहिलं, त्यातल्या बहुतेकांनी तिथला चंद्र पाहिला नाही. मी जेव्हा संध्याकाळी सागरी दरवाजातून बाहेर पडतो, तेव्हा मला करेरी आठवत नाही. टोपली उचलून घाईने निघालेली ती माणसं आठवतात. ती जाताना काय घेऊन गेली? चावी, पगार, घमेलं, पाव.

आणि ती जिथे गेली ती बाहेरची वसई करेरीलाही आवडली. तो पालखीत बसून तटाबाहेरच्या कसब्याकडे गेला. पंधरा मैल नुसत्या बागा, असं तो लिहितो. ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू अशी तिन्ही धर्मांची कुळं त्या कसत होती. आंबा, माड, ऊस, आणि अंजीर. वसईत अंजीर? मी कितीतरी दिवस अडलो होतो. मग कळलं, की पोर्तुगीज आपल्या केळ्याला ‘अंजीर’ म्हणत. तसं पाहिलं तर आपली सुकेळी नि भूमध्य समुद्राकाठचं सुकं अंजीर एका ताटात ठेवलं, तर दोघांचा रंग नि चिकटपणा सारखाच. उमराव मंडळी उन्हाळ्यात आणि साथीच्या भीतीने शहर सोडून या बागांत राहायला येत, कारण इथे यंत्रांनी पाणी खेळवून सगळं हिरवं ठेवलेलं असे. ती यंत्रं म्हणजे आपले रहाट. तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांनी बैल जुंपलेला रहाट पाहिला असेल, त्याचं कुरकुरणंही ऐकलं असेल. बागांच्या पोटातली बावखलं, म्हणजे छोटी तळी, अजून काही गावांत तग धरून आहेत. बरीच भरावाखाली गेली. तटातल्या दगडाला निदान संरक्षित म्हणून पाटी आहे, बावखलाला तीही नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पारनाक्यावर या, आपण हेच सगळं पायी पाहू. छत्री धरून मी पुढे चालणार नाही. पाणी आणा, पायात बूट घाला, थडग्यांवर बसू नका. मनोऱ्याचा जिना उघडा असेल तर चौघाचौघांनी चढायचं. परतताना कसब्याच्या बाजूने येऊ. माझ्या ओळखीच्या एका वाडीत बावखल आहे आणि वाडीवाल्या मावशी सुकेळी विकतात. सुट्टे पैसे बरोबर ठेवा, त्या लिलाव करत नाहीत.