विजेची गाडी आणि आपला रस्ता



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने गीतेवर बोलावे, इतिहासावर बोलावे, अशी रीत आहे. आम्ही आज रस्त्यावर बोलणार आहोत. कारण व्याख्यान संपल्यावर आपणा सर्वांना त्याच रस्त्याने घरी जायचे आहे.

मागे एकदा नातीसाठी विजेवर चालणारी लहान दुचाकी पाहावी म्हणून आम्ही दुकानात गेलो. नात चौदा वर्षांची. दुकानदार म्हणाला, "लायसन नको, नंबर नको, काही नको." आम्हांला हायसे वाटले. परतताना अंधाऱ्या बोळात तशीच एक गाडी आमच्या कोपराला चाटून गेली. दिवा नाही, आवाज नाही. आम्ही पडलो नाही, एवढेच. पण मघाचे समाधान मात्र तिथेच गळून पडले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, जिची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी विजेची दुचाकी मोटार वाहन गणली जात नाही. म्हणून तिला नोंदणी नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही नाही. ही सवलत अविचाराची नव्हे. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. हळू जाणारी हलकी गाडी इजाही कमी करते. परंतु ही सवलत हळू चालण्याला आहे, नुसती वीज वापरण्याला नव्हे! वेगाचा बांध काढून तीच गाडी ताशी ४५ ने पळवली, तर आघात सुमारे सव्वातीनपट होतो आणि सवलतीचा आधारही उरत नाही. मग एखाद्या म्हातारीला धक्का लागला, तर तिने दाद कोणाकडे मागावी? गाडीला नंबर नाही, विमा नाही.

कोणी म्हणेल, बंदीच घाला. पॅरिसमध्ये एप्रिल २०२३ मध्ये भाड्याच्या विजेच्या स्कूटरांवर लोकांचे मत घेतले. मतदानाला आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी नको म्हटले आणि ऑगस्टअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. पण स्वतःच्या मालकीच्या स्कूटरांना ही बंदी नव्हती. आमच्याकडचे माथेरान पाहा. मोटारींना मज्जाव असलेल्या या गावी माणूस माणसाला हातरिक्षात ओढीत असे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे ई-रिक्षांचा प्रयोग करण्यास परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवण्यास सांगितले. जे यंत्र माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरवते, त्याला सरसकट शत्रू कसे म्हणावे?

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी. सायकल लहान म्हणून कोणी ती बेवारस सोडली नव्हती. तसाच साधा बिल्ला या गाड्यांना द्यावा, दिवा आणि घंटी सक्तीची करावी, स्वस्त विमा असावा, आणि वेगाचा बांध काढून देणाऱ्या कारागिरालाही दंड व्हावा. नगरपालिकेने वाहतुकीच्या कडेने त्यांना स्वतंत्र पट्टा द्यावा. नाहीतर त्या पदपथावर चढतील आणि मग भांडण चालणाऱ्यांशी लागेल.

उद्या पेट्रोल महागले, हवा बिघडली, म्हणजे या लहान गाड्या वाढणारच. त्या वाढण्याच्या आधी नियम झाले, तर ते लोकांच्या अंगवळणी पडतील. दहा-वीस घरांतून रडारड झाल्यावर झाले, तर ते नियम सूडाचे होतील.

नातीला आम्ही अद्याप गाडी घेतलेली नाही. परवान्याचे वय होऊ दे, असे सांगितले आहे. ती रुसली आहे. तिचा रुसवा आम्ही सोसू. दुसऱ्या कोणाच्या नातीची इजा आम्हांला सोसवणार नाही.