मेंदूला इजा झालेलें मूल आणि त्याचें घर

अपघातांत डोक्यास मार लागलेलें मूल इस्पितळांतून घरीं येतें, तो दिवस त्या घराला सणासारखा वाटतो. श्रोत्यांनीं असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. शेजारीपाजारी भेटून जातात, आजी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. टाके सुकलेले असतात. मूल चालतें, बोलतें, हसतें. मोठें संकट टळलें, असें सर्वांना वाटतें. पण महिना दोन महिने लोटतात आणि निराळेंच कांहीं दिसूं लागतें. पूर्वीं ज्याच्या शहाणपणाचें कौतुक होई, तें मूल क्षुल्लक कारणावरून आदळआपट करूं लागतें. सांगितलेली गोष्ट दुसऱ्या क्षणीं विसरतें, धाकट्या भावंडावर हात टाकतें. मग घरांत दोन पक्ष पडतात. बाप म्हणतो, ‘आजारपणांत लाड झाले, आतां दोन रट्टे दिल्यावांचून हा वळणावर यायचा नाहीं.’ आई म्हणते, ‘मरणाच्या दारांतून परत आलेल्या लेकराला मारायचें तरी कसें?’ दोघांचेंही प्रेम खरें असतें, आणि दोघांचाही उपाय चुकतो.

ह्या चुकीचें मूळ एका समजुतींत आहे. बाहेरची जखम भरली म्हणजे आंतलीही भरली, असें मनुष्य सहज मानतो. मेंदूच्या बाबतींत तें खरें नाहीं. कपाळामागें असलेला मेंदूचा पुढचा भाग मनुष्याला थांबावयास शिकवितो. हात उगारण्यापूर्वीं विचार करणें, हातचें काम संपेपर्यंत दुसरें न धरणें, राग गिळणें, चुकलें असतां मार्ग बदलणें, हीं कामें मुख्यतः त्याच्याकडे असतात. हा भाग फार सावकाश वाढतो. वयाच्या पंचविशीपर्यंत त्याची घडण चालूच असते. पडल्यामुळें किंवा वाहनाच्या धडकेनें डोकें आपटलें, कीं मेंदू कवटीच्या आंत हिंदकळतो, आणि पुष्कळदां ह्याच भागाला इजा पोंचते. तीनचार वर्षांच्या मुलाला जें अजून शिकावयाचें असतें, त्याचींच मुळें अशा वेळीं दुखावतात. त्या वयांत कोणत्याही मुलाकडून फारशा संयमाची अपेक्षा नसते, म्हणून उणीव लगेच ध्यानांत येत नाहीं. बरोबरीचीं मुलें पुढें जाऊं लागलीं, म्हणजे मग ती उघडी पडते.

लहान मुलाचा मेंदू कोवळा, तेव्हां तो लवकर सावरेल, ही आशा शास्त्रज्ञांनींही बाळगली होती. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत मार्गारेट केनार्ड ह्या विदुषींनीं माकडांवर केलेले प्रयोग १९३६ सालीं प्रसिद्ध झाले. हालचालींचें नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झाल्यावर प्रौढ माकडांपेक्षां पिलें अधिक सावरतात, असें त्यांत आढळलें. पुढें ह्या निष्कर्षाचा नियम बनला आणि तो त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. कांहीं उणिवा पिलू वाढल्यावर मागाहून प्रकट होतात, हेंही केनार्डबाईंनीं नोंदून ठेवलें होतें. तें मात्र पुष्कळजण विसरले. त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांनीं, कोवळ्या वयांतील गंभीर इजा बहुधा अधिक नुकसान करते, हें स्पष्ट केलें आहे.

ह्याच निरीक्षणांतून आशेची एक गोष्टही हातीं आली. सारखीच इजा झालेलीं दोन मुलें सारखीं वाढत नाहींत. त्यांच्या वाटा निराळ्या होण्याचीं जीं कारणें दिसतात, त्यांत घरांतील वातावरण हें एक महत्त्वाचें कारण आहे. जेथें मायेला शिस्तीची जोड असते, तेथें मूल तुलनेनें बरें सावरतें. जेथें केवळ धाक असतो किंवा कोणतीच मर्यादा नसते, तेथें वर्तनाच्या अडचणी वाढतात. झालेली इजा कोणाला पुसून टाकतां येत नाहीं. घराची वागणूक मात्र बदलतां येते.

पण ती शिकवावी कोणीं? ह्या विषयांतील जाणते लोक मोठ्या शहरांतील मोजक्या इस्पितळांत असतात. दर आठवड्याला नोकरी बुडवून, धाकट्या मुलाला शेजारीं ठेवून, चिडखोर झालेल्या मुलाला घेऊन तासन्‌तास प्रवास करणें फार थोड्यांना साधतें. शिवाय मूल हट्ट करतें तें जेवणाच्या पाटावर आणि झोपण्याच्या वेळीं. इस्पितळाच्या खोलींत तें पुष्कळदां अगदीं शहाण्यासारखें बसतें. ओहायो राज्यांतील सिनसिनाटी येथील मुलांच्या इस्पितळांत मानसशास्त्रज्ञ शेरी वेड आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या अडचणीवर इंटरनेटचा उपाय योजला. मूल इस्पितळांत आणण्याऐवजीं त्यांनीं शिक्षकालाच घरीं पाठविलें, तोही तारेवरून.

शिकविण्याची मूळ पद्धति जुनीच होती. शीला आयबर्ग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत ती तयार केली. तींत आई किंवा बाप मुलाशीं खेळत असतां शिक्षक एकतर्फी कांचेमागून पाहतो आणि कानांतल्या लहानशा यंत्रांतून त्यांना हळूच सूचना देतो. वेड ह्यांनीं कांचेच्या जागीं घरच्या संगणकाचा कॅमेरा आणला आणि मेंदूच्या इजेविषयींचे धडे जोडून दिले. त्यांच्या प्रयत्नांचा पहिला वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. आईबापांनीं आधीं आपल्या सवडीनें इंटरनेटवरील धडा वाचावा, त्यांतील चित्रफिती पाहाव्या, आणि मग ठरल्या वेळीं पडद्यावर शिक्षकाशीं बोलावें, अशी ती योजना. ज्या घरीं संगणक नव्हता, तेथें तो पुरविण्यांत आला.

पहिला पाठ वरकरणी अगदीं सोपा असतो. रोज ५ मिनिटें मुलाबरोबर खेळावयाचें, आणि त्या वेळांत हुकूम, प्रश्न व टीका हीं तीन वर्ज्य करावयाचीं. मूल ठोकळ्यांचा मनोरा रचीत असतें. आई सवयीनें विचारते, ‘हा कोणता रंग? असा तिरपा कां ठेवलास?’ शिक्षिका हळूच सुचविते, प्रश्न नको, दिसतें तें सांगा. मग आई म्हणते, ‘तूं लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास. किती सावकाश ठेवलास, शाबास!’ नुसत्या ‘शाबास’ने मुलाला काय साधलें तें कळत नाहीं, ‘सावकाश ठेवलास’ ह्यानें कळतें. ज्याला दिवसभर ‘नको’ आणि ‘थांब’ एवढेंच ऐकूं येतें, त्याला हीं ५ मिनिटें निराळीं वाटतात. आईलाही आपलें मूल पुन्हां भेटल्यासारखें होतें.

दुसरा पाठ शिस्तीचा. ‘पसारा आवर, हातपाय धू आणि जेवायला ये,’ ह्या एका वाक्यांत तीन कामें आहेत. इजा झालेल्या मेंदूंत त्यांतलें एखादेंच टिकतें, आणि उरलेल्यांसाठीं मुलाला मार बसतो. म्हणून आज्ञा एका वेळीं एकच द्यावी. ती शांतपणें, थोडक्या शब्दांत आणि स्पष्ट द्यावी. ‘नीट वाग’ म्हणूं नये, ‘ठोकळे डब्यांत टाक’ म्हणावें. ऐकलें तर तत्काळ कौतुक करावें. न ऐकल्यास जो परिणाम आधीं सांगितला असेल, तोच न चिडतां आणि न चुकतां घडूं द्यावा. आज माफी आणि उद्यां चपराक, हा प्रकार अशा मुलाला सर्वांत घातक होतो. कारण बदलत्या नियमांतून अर्थ काढण्याची शक्तीच त्याच्या ठिकाणीं उणी झालेली असते.

ह्या शिक्षणाची पारखही झाली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ३ ते ९ वर्षांच्या ११३ मुलांचीं कुटुंबें, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, तीन गटांत वांटलेलीं होतीं. एका गटाला दहा किंवा त्याहून अधिक पाठांचा पूर्ण क्रम मिळाला, दुसऱ्याला ७ पाठांचा संक्षिप्त क्रम, आणि तिसऱ्याला केवळ इंटरनेटवरील माहिती. ज्यांना शिक्षक मिळाला, त्या दोन्ही गटांतील आईबापांची मुलाशीं वागणूक तिसऱ्या गटाहून चांगली झाली. मुलांच्या वर्तनांत मात्र खरा फरक संक्षिप्त क्रमाच्या गटांतच दिसला. ह्यांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. नुसती माहिती आईबापांच्या हातीं ठेवून भागत नाहीं. ती वापरावयास शिकविणारें माणूस लागतें. आणि थकलेल्या आईबापांच्या माथीं अधिक पाठ मारले, म्हणजे अधिक लाभ होतोच असें नाहीं.

ह्या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो गेलेली स्मरणशक्ति परत आणीत नाहीं, फेफऱ्याच्या औषधाची जागा घेत नाहीं, शाळेंतल्या अडचणी आपोआप दूर करीत नाहीं. मात्र त्याचें क्षेत्र वाढत आहे. टोरांटो येथील मुलांच्या इस्पितळांत, जन्माच्या सुमारास मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळें इजा झालेल्या मुलांच्या आईबापांसाठींही त्याचा उपयोग करण्यांत आला आहे.

आणखी एक गोष्ट ह्या पाठांत येते, ती आईबापांच्या मनाची. खिडकी उघडी कोणीं ठेवली, रस्त्यांत हात कोणीं सोडला, हा प्रश्न अशा घरांत बोलला जात नाहीं, पण विसरलाही जात नाहीं. जो स्वतःला अपराधी समजतो, तो एक तर मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवितो, नाहीं तर आपलाच राग त्याच्यावर काढतो. म्हणून शिक्षक मुलाच्या वागण्याबरोबर आईबापांच्या झोपेची आणि दुःखाचीही चौकशी करतो. आप्तेष्टांनाही ह्यांत काम आहे. ‘लाडावून ठेवलाय’ हे शब्द त्यांनीं गिळावे आणि धाकट्या भावंडाला तासभर फिरावयास न्यावें.

आरंभीं जें घर डोळ्यांपुढें आणलें, तेथील वाद अशा वेळीं मिटूं शकतो. मूल बिघडलें नाहीं, त्याला थांबतां येत नाहीं, एवढें बापाला कळलें कीं त्याचा उगारलेला हात खालीं येतो. थांबणें शिकवितां येतें, एवढें आईला कळलें कीं तिला ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ येतें. मग दोघें मिळून जमिनीवर बसतात, आणि रोजचीं ५ मिनिटें सुरू होतात.