काळी माती आणि काँक्रीटचा पंप



संयोजकांनी मला बजावलं आहे की, "तू पूल बांधतोस, त्यावर दहा मिनिटं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." आपल्यातला डॉक्टर आजारांवर बोलला, शेती करणारा कापसाच्या भावावर बोलला, माझ्या वाट्याला काँक्रीट आलं. एकच घटना सांगतो. घरच्यांशिवाय कोणाला ती आजवर सांगितलेली नाही.

आपल्या मैदानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आठवतात? गोटी आत गेली की गेलीच. आणि पहिल्या पावसात त्याच भेगा मिटून चपलेला किलोभर चिखल चिकटायचा. विज्ञानाच्या सरांनी शिकवलं होतं की आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पानांच्या चळतीसारखी असते, पाणी त्या पानांच्या मधे शिरतं म्हणून ती फुगते. सर समोरच बसले आहेत. मी ते वहीत उतरवून घेतलं, मार्कही मिळवले आणि विसरलो.

आता पंपाकडे येतो. काँक्रीट पाण्यासारखं वाहत नाही. साधारण सव्वाशे मिलिमीटरच्या पाइपातून ते एका जाड दांड्यासारखं सरकतं, आणि दांडा व पाइप यांच्या मधे सिमेंटच्या लगद्याचा पातळ थर वंगणाचं काम करतो. तो थर टिकला तर काँक्रीट कुठेही चढतं. दुबईच्या बुर्ज खलिफावर २००८ साली ते ६०६ मीटर उंच चढवलं. थर तुटला तर दहा मीटरवरही अडतं.

हा लगदा सैल ठेवायला आम्ही एक रसायन घालतो. कागदावर ॲडमिक्स्चर, साइटवर नुसतं 'केमिकल'. सिमेंटचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि पाणी आत कोंडून ठेवतात. केमिकल त्या कणांना दूर ढकलतं, कोंडलेलं पाणी मोकळं होतं. जास्त पाणी न ओतता काँक्रीट सैल होतं, ताकद जात नाही. हल्ली जे वापरतात त्याला पॉलिकार्बोक्सिलेट म्हणतात. सिमेंटच्या वजनाच्या एक टक्का किंवा त्याच्या आसपास पुरतं. फार गुणी, पण नाजूक.

बारा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्याच एका पुलाचा स्लॅब चालू होता. मी साइटपासून वीस किलोमीटरवर, काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवर होतो. सकाळ छान गेली. दुपारी पंपचालकाचा फोन आला, "साहेब, माल घट्ट येतोय." गाडी पोचेपर्यंत काँक्रीटचा जीव जात होता. मी म्हटलं, ऊन आहे. केमिकल ०.८ वरून १.२ टक्के केलं. पुढची गाडीही तशीच. मग १.६ केलं. साइटवर काहीजण अशा वेळी गुपचूप पाण्याचा पाइप लावतात, मी तसलं काही करत नव्हतो, म्हणून मला मी शहाणाच वाटत होतो.

ऊन हे कारण नव्हतंच. दुपारपासून क्रश सँडचा नवा ढीग वापरात आला होता. खाणीचं नवं तोंड उघडताना वरचा काळ्या मातीचा थर नीट न काढता दगड फोडला होता. केमिकलच्या लांब शेपट्या मातीच्या त्याच पानांमध्ये शिरून अडकत होत्या, सिमेंटपर्यंत पोचतच नव्हत्या. मी जितकं वाढवत होतो तितकं माती खात होती. गंमत अशी की वाळू कागदोपत्री पास होती. भारतीय मानक ३८३ प्रमाणे क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालते. पूड किती हे तो आकडा सांगतो. ती दगडाची की मातीची, हे सांगत नाही.

संध्याकाळी लोडरवाल्याने जुन्या, स्वच्छ ढिगातली वाळू उचलली. मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. डोस १.६ वरच होता. खायला माती नसल्यामुळे त्या गाडीतला लगदा आमटीसारखा झाला. पंपाच्या दाबाने लगदा पुढे पळाला, खडी बेंडमध्ये बसली. लाइन जाम.

जाम झाल्यावर पंप उलटा फिरवून आधी दाब उतरवायचा, मगच क्लॅम्प खोलायचा. स्लॅब अर्धा राहिला होता, सगळे घाईत, मी फोनवर ओरडत होतो की लवकर करा. एका हेल्परने हातोडा मारून क्लॅम्प उडवला. दाब आतच होता. त्याचा उजवा डोळा गेला. तो पाथरी तालुक्यातला होता, वय एकवीस.

चौकशीत लिहिलं गेलं की कामगाराने सूचना पाळली नाही. ते खोटं नव्हतं. पण लाइन जाम का झाली, हे त्या कागदात कुठेच नव्हतं आणि खाली सही माझी होती. मला कारण आठवड्याभरात कळलं होतं. दोन्ही ढिगांतली वाळू घेऊन मीच चाचणी केली होती. तो कागद दुरुस्त करून घ्यायला मला चौदा महिने लागले, आणि त्यातले बारा मी फक्त धीर गोळा करण्यात घालवले. दुरुस्तीनंतर त्याला भरपाई वाढवून मिळाली. त्याच्या आईने मला चहा दिला, तो मला घोटला नाही.

तेव्हापासून माझ्या प्लांटवर नवा ढीग आला की बाटली भरल्याशिवाय तो लागत नाही, आणि नव्याने चाचणी घेतल्याशिवाय केमिकलचा डोस हलत नाही. पोरं वैतागतात, वैतागू देत. आज येताना तशा दोन बाटल्या आणल्या आहेत. काल रात्री दोन्हीत पाणी घालून हलवून ठेवल्या. एकीत निव्वळ दगडाची पूड आहे, ती कधीच तळाला बसली. दुसरीत आपल्या मैदानातली मूठभर माती आहे, तिचं पाणी अजून गढूळ आहे. जेवणाच्या मंडपात पाण्याच्या टाकीशेजारी ठेवल्यात. सर, तुम्ही आधी बघा.